शक्तिमानचं आडनाव आणि मालेगावचा सुपरमॅन

देवळ्यात आमचा महिन्याचा अभ्यासवर्ग संपला की पोरं चहाच्या टपरीवर थांबतात. मागच्या वेळी तिथं चांगलीच जुंपली. विषय जातनिहाय जनगणनेचा नव्हता, उपवर्गीकरणाचाही नव्हता. विषय होता 'लोका' हा मल्याळम सिनेमा आणि त्यातल्या नीलीच्या भूमिकेत कल्याणी प्रियदर्शन शोभते की नाही हा. एक म्हणे, गोष्ट जंगलातल्या मुलीची आणि चेहरा सिनेमावाल्यांच्या घरातला, हे कसं काय? दुसरा म्हणे, तिचं काम बघ ना, रंग काय बघतोस. तिसऱ्याने मध्येच 'ब्लॅक पँथर'मधला किलमाँगर आणला. आवाज चढले. शेवटी चळवळीतले एक ज्येष्ठ दादा वैतागले. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते काय उडणाऱ्या माणसांवर भांडायला?" पोरं गप्प झाली, चहाचे पैसे देऊन पांगली.

दादांचा मान राखून आम्ही तेव्हा बोललो नाही. पण त्यांचं आम्हाला पटलेलं नाही, आणि ते इथं लिहिणं भाग आहे. ज्या चळवळीने एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं लढा दिला, घरंदारं जाळून घेतली, माणसं गमावली, त्या चळवळीने नाव आणि चेहरा या गोष्टींना पोरखेळ म्हणावं? कोणाचं नाव पाटीवर लागतं आणि कोणाचा चेहरा पडद्यावर दिसतो, यावरून कोणाला माणूस धरायचं ते ठरत असतं. हे आपल्याला नाही कळणार तर कोणाला कळणार?

आता आमच्याच लहानपणापासून सुरुवात करू. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं. वस्तीत टीव्ही मोजक्या घरांत. आम्ही दाराच्या चौकटीत दाटीवाटीने बसायचो आणि मालिका संपली की गळ्यात टॉवेल बांधून भोवळ येईपर्यंत गरगर फिरायचो. शक्तिमानचं पूर्ण नाव आम्हाला तोंडपाठ होतं, पाढ्यासारखं: पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. त्या नावात काही खटकायला हवं होतं, हे कळायला आम्हाला पंधरा वर्षं लागली. पंडित पुढे, शास्त्री मागे, आणि शक्ती मिळते ती योगसाधनेतून, कुंडलिनी जागृत होऊन. २०२४ मध्ये शक्तिमानवर मोठा सिनेमा येणार आणि रणवीर सिंग ती भूमिका करणार अशी चर्चा उठली, तेव्हा मुकेश खन्ना यांनी जाहीर विरोध केला. त्या नटाची प्रतिमा शक्तिमानला शोभत नाही, असा त्यांचा सूर. देशभर चाहते दोन बाजूंना वाटले गेले. नट कोण असावा यावर रान पेटलं. नायक शास्त्रीच का असावा, हा प्रश्न आमच्या कानावर तरी आला नाही.

आमचा मुद्दा इथंच आहे. भूमिका कोणाला द्यायची हा वाद आवश्यक आहे, पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा वाद नायकाची ताकद येते कुठून, याचा. क्रिशला ती बापाकडून मिळते. 'ब्रह्मास्त्र'मधल्या शिवात ती जन्मतःच असते. थॉरचा हातोडा तर आम्हाला फारच ओळखीचा वाटतो. जो लायक असेल त्यालाच तो उचलता येतो, आणि ही अट घालणारा कोण? ओडिन, म्हणजे थॉरचा बाप. परीक्षक बाप आणि उमेदवार मुलगा, आणि वर याला नाव मेरिट! (मुलगा आधी नापास होतो हे खरं. पण त्याला फेरपरीक्षा मिळते. आपल्या पोरांना किती वेळा मिळते?)

सगळ्यात बोलका नमुना स्पायडरमॅनचा. मुळात हा गरीब घरचा पोरगा, प्रयोगाच्या ठिकाणी किरणोत्सर्गी कोळी चावतो म्हणून ताकद येते. निव्वळ अपघात, तोही विज्ञानाच्या दारात. त्याचं कूळ विचारलं जात नाही. २००४ मध्ये या गोष्टीची भारतीय आवृत्ती कॉमिकमध्ये आली. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. शिष्यवृत्तीवर शहरात शिकायला आलेला खेड्यातला मुलगा, धोतरावरून चिडवला जाणारा. इथवर छान. पण भारतात आणताना प्रयोग गेला आणि त्याजागी योगी आला. ताकद आता योगी देतो. नाव काय, तर पवित्र! आणि त्याच्या काकांचं नाव भीम. महाभारतातलाच भीम असणार तो, आम्हाला ठाऊक आहे. तरीही भीमकाकांचा खून झाल्यावर नायक जागा होतो, हे वाचताना आमच्या अभ्यासवर्गात कोणी हसलं नाही. २०२३ मध्ये हाच पवित्र मोठ्या अॅनिमेशन सिनेमात आला, मराठीतही आला, आणि पोरं खूश झाली. आम्हीही झालो. आपल्यासारखा दिसणारा पोरगा इमारतींवरून झोके घेताना बघायला कोणाला आवडणार नाही? फक्त खूश होताना डोळे उघडे ठेवावेत, एवढंच म्हणणं.

चेहऱ्यावरून होणारी भांडणं अमेरिकेत आपल्यापेक्षा उघड होतात. २०११ च्या 'थॉर'मध्ये हाइमडालच्या भूमिकेत इद्रिस एल्बा हा काळा नट आला, तर गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या एका संघटनेने बहिष्काराची हाक दिली. उडणारे हातोडे आणि इंद्रधनुष्याचा पूल त्यांना चालला, त्या पुलावरचा काळा पहारेकरी चालला नाही. मग २०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर' आला. जवळपास सगळे नट काळे, दिग्दर्शक रायन कूगलर काळा. आणि तरीही काळ्या प्रेक्षकांतच वाद पेटला: जगभरच्या पिचलेल्या काळ्यांना शस्त्रं द्या म्हणणारा किलमाँगर खलनायक का? राजवाड्यातला समंजस वारस नायक आणि अनाथ, संतापलेला पोरगा मरणारा, असं का? टपरीवर तिसऱ्याने मध्येच घुसवलेला मुद्दा हाच होता. तो भरकटला नव्हता. सगळे चेहरे आपले असले तरी कोणाला मारायचं हे गोष्टच ठरवते, असं त्याला म्हणायचं होतं. बिचाऱ्याला ते वाक्य पूर्ण करता आलं नाही.

आपल्या देशात हे भांडण एकदा दगडांनी झालेलं आहे. १९३० च्या सुमारास केरळात 'विगतकुमारन' हा मल्याळमचा पहिला सिनेमा दाखवला गेला. नायिका पी. के. रोझी, पुलया जातीची दलित बाई. भूमिका मात्र नायर स्त्रीची. सवर्ण प्रेक्षकांनी दंगा केला, दगडफेक झाली, आणि रोझीला गाव सोडून पळावं लागलं. पुढचं आयुष्य तिने नाव लपवून काढलं. ज्या मल्याळम सिनेमाचा उगम असा झाला, त्याच सिनेमात २०२५ मध्ये 'लोका' येतो. लोककथेत जी नीली रक्त पिणारी यक्षी म्हणून बदनाम होती, ती इथं जंगलात राहणाऱ्या जमातीची मुलगी होते. तिची माणसं देवळात शिरली म्हणून राजा त्यांच्यावर सैन्य धाडतो. आमच्या वर्गातली एक मुलगी सिनेमा बघून आल्यावर एवढंच म्हणाली, "हे तर काळारामच आहे." नाशिक जिल्ह्यातल्या मुलीला ते सांगावं लागत नाही. २ मार्च १९३० ला नाशकात सुरू झालेल्या सत्याग्रहात कोण उभं होतं, कोणाची डोकी फुटली, हे तिने आजीकडून ऐकलेलं आहे.

म्हणून 'लोका'बद्दल आमच्यात एकमत नाही आणि ते व्हावं असंही वाटत नाही. गोष्ट आपली आहे, हे मोठंच पाऊल. पण त्या गोष्टीचा चेहरा दिग्दर्शक बाप आणि अभिनेत्री आई यांच्या मुलीचा आहे. कल्याणीने काम चांगलंच केलंय. तिच्यावर राग धरायचं कारणच नाही. प्रश्न असा की रोझीच्या वस्तीतली एखादी मुलगी त्या भूमिकेच्या निवडीसाठी नुसती रांगेत तरी उभी राहू शकली असती का? 'सुपर ३०'मध्ये हृतिक रोशनचा रंग काळवंडवून बिहारी मास्तर केला, तेव्हाही हाच प्रश्न होता. काळा रंग डबीत मिळतो, मग काळा माणूस कशाला शोधा!

आता दादांना एक विनंती. हॉलिवूड आणि केरळ राहू द्या, आपल्या शेजारी बघू. देवळ्याहून एसटीत बसलं की तासाभरात मालेगाव. आपल्या कसमादे पट्ट्यातलंच शहर. यंत्रमागाची खडखड, हवेत सुताची धूळ, शुक्रवारी माग बंद आणि थिएटरं भरलेली. या शहरात नासिर शेख नावाच्या माणसाने आधी 'मालेगाव के शोले' बनवला आणि मग ठरवलं, सुपरमॅन बनवू. सुपरमॅन कोण? शफीक शेख. यंत्रमागावर काम करणारा, हाडाचा सापळा म्हणावा इतका बारीक माणूस. त्याच्या पोशाखाची नाडी बाहेर लोंबते. आणि या सुपरमॅनला मालेगावच्या हवेने दमा होतो.

तो दमा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या सुपरमॅनला त्रास होतो तो परग्रहावरच्या हिरव्या दगडाने. मालेगावच्या सुपरमॅनला त्रास होतो तो त्याच घाणीने आणि धुराने, जी मागावरच्या प्रत्येक कामगाराच्या छातीत जाते. नायक आणि प्रेक्षक यांचं फुफ्फुस एकच. हे कोणा सल्लागाराने सुचवलं नव्हतं. कामगारानेच कामगाराला निवडलं, त्यामुळे गोष्ट आपोआप बदलली. चेहरा आणि गोष्ट यांचे दोन अर्धे तिथं जुळले. हे विणकर बहुतेक मोमीन-अन्सारी, एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून उठून इथं आलेले. कबीर विणकर होता आणि बाबासाहेबांनी कबीराला गुरू मानलं, हे आपण भाषणात सांगतो. त्या विणकरांच्या शहरातला सिनेमा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? फैजा अहमद खान यांनी या सगळ्या खटपटीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो २०१२ मध्ये चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक राहिले नव्हते. कर्करोगाने गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. नासिर झाले आदर्श गौरव, शफीक झाले शशांक अरोरा. प्रेमाने केलेला सिनेमा आहे, आम्ही डोळे पुसतच बाहेर आलो. पण बाहेर आल्यावर एकाने विचारलं, की ज्या शहराने मुंबईची वाट न बघता स्वतःच्या मागवाल्याला सुपरमॅन केलं, त्या शहराची गोष्ट मुंबईने केली तेव्हा मागवाला पुन्हा बाजूलाच का? उत्तर सोपं आहे, पैसा मोठा लागला की ओळखीचे चेहरे लागतात. सोपं उत्तर बरोबर असतं असं मात्र नाही. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'त जब्या शोधला तो एका खेड्यातला सोमनाथ अवघडे, ज्याने आधी कॅमेरा पाहिला नव्हता. सिनेमा उभा राहिलाच ना?

याच संदर्भात आमच्या एका उत्साही पोराने बनवलेलं चित्र. मोबाइलवर त्याने बाबासाहेबांना निळा अंगरखा घातला आणि आकाशात उडवलं. शेकडोंनी ते पुढे पाठवलं. आम्हाला ते नको वाटलं आणि त्याचं कारण त्याला समोर बसवून सांगितलं. विभूतिपूजेबद्दल बाबासाहेब संविधान सभेत काय बोलले ते आहेच, पण आम्हाला खटकलं ते दुसरंच. सुपरहिरोच्या गोष्टीत लोक नेहमी खाली उभे असतात, वर बघत, वाचवलं जाण्याची वाट पाहत. २० मार्च १९२७ ला महाडात तसं नव्हतं. चवदार तळ्यावर हजारो माणसं चालत गेली आणि बाबासाहेबांबरोबर पाणी प्यायली. त्या चित्रात बाबासाहेब एकटे उडतात आणि तळ्याकाठची माणसं चौकटीतून गायब होतात. पोराने ऐकून घेतलं. पूर्ण पटलं असं नाही म्हणाला. म्हणाला, मग चालणारी हजार माणसं एका चित्रात कशी दाखवू ते सांगा. आम्हाला अजून सांगता आलेलं नाही.

मालेगावची गोष्ट सांगताना एक बाजू आम्ही सोडली होती, ती एकीने दाखवून दिली. त्या सिनेमांत शहरातल्या बाया काम करत नाहीत, नायिका बाहेरून आणावी लागते. आम्ही मान डोलावली, हो, ती त्या शहराची मर्यादा. तशी ती म्हणाली, "आणि आपली? वर्गाला आम्ही सात जणी येतो. त्या दिवशी टपरीवर नीलीवरून भांडण झालं म्हणता, तिथं आमच्यातली कोण होती?"

कोणीच नव्हती. टपरीवर मुली थांबत नाहीत, आणि आम्हीही त्यांना कधी थांबा म्हटलेलं नाही. आता पुढच्या महिन्यात हा वाद विहारातच व्हायचा आहे, वर्ग संपल्यावर लगेच, चहा तिथंच मागवून. सुरुवात ती करणार आहे. दादांनाही निरोप गेला आहे.