कोड हे पाप नव्हे!

अंगावर पांढरा डाग उठला की आपल्या वस्त्यांत आजही डॉक्टरच्या आधी मागल्या जन्माची चौकशी होते. ऊर्जानगरच्या क्वार्टरपासून गडचिरोलीच्या जंगलातल्या गावापर्यंत, एवढ्याशा डागापायी मुलींची लग्ने अडतात. आमचा सवाल असा की, १९५६ साली ज्यांनी दैववादाला मूठमाती दिली, त्यांनी तो कोडाच्या वाटेने पुन्हा घरात का घ्यावा?

विज्ञान काय सांगते? शरीराची रोगप्रतिकारक शक्ती ही पहारेकऱ्यांची फौज आहे. परका जंतू कोण आणि आपली पेशी कोण, हे ओळखून या फौजेला आवर घालणारी यंत्रणा जनुकांवर चालते. या जनुकांत माणसागणिक थोडा फरक असतो. काहींमध्ये हा आवर सैल पडतो आणि फौज त्वचेला रंग देणाऱ्या आपल्याच पेशींवर तुटून पडते. तेच कोड. एनएलआरपी-१ या जनुकाचा त्याच्याशी संबंध २००७ साली पुढे आला. पुढे अशी अनेक जनुके सापडली. पण जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे. एकसारखी जनुके असणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला कोड असता दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एका अभ्यासात २३ टक्केच निघाले. जनुक धोका वाढवते, निकाल देत नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत खोडताना हाच मुद्दा मांडला आहे की, मूल आपले गुणधर्म आईबापाकडून घेते. मग पाप कोणाचे?

‘श्वेतकुष्ठ’ हे नावही खोटे आहे. कुष्ठरोग जंतूने होतो. कोड कोणाला लागत नाही. आणि आनंदवन ज्या जिल्ह्यात उभे आहे, तिथे कुष्ठरोग्यालाही दूर लोटण्याचा अधिकार कोणाला नाही. संसदेने २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विवाह कायद्यातून वगळले. कोड तर त्या कायद्यात कारण म्हणून कधी नव्हतेच.

राहिले ‘हमखास इलाज’वाले. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या यादीत कोडाचा समावेश आहे. ते बरे करून देतो अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. अशी पत्रके दिसली की फाडू नका, पुरावा म्हणून जपा आणि तक्रार करा. रुग्णाला मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. औषधाने व प्रकाशोपचाराने अनेकांचा रंग बराचसा परत येतो.

आणि सोयरीक जुळवताना मुलीचे शिक्षण बघा, तिचा स्वभाव बघा. डाग मोजणे बंद करा!