खेळायला वेळ द्या

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचं शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६च्या ऑगस्टमध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या हाती २३ गोष्टींची एक यादी दिली. स्वतःचा ब्लॉग सुरू करा. फ्लिकरवर फोटो बघा, त्यावर चार ओळी लिहा. आपली आवडती पाच-दहा पुस्तकं लायब्ररीथिंगवर नोंदवा. एखाद्या विकीत भर घाला, यूट्यूब धुंडाळा, पॉडकास्ट ऐका. मुदत नऊ आठवड्यांची आणि भाग घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ही यादी हेलेन ब्लोअर्स या बाईंनी तयार केली होती. त्या ग्रंथालयातलं तंत्रज्ञानाचं काम त्या बघायच्या.

ब्लोअर्सबाईंनी प्रशिक्षणाचे वर्ग घेतले नाहीत. अडलं तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारा, त्यालाही येत नसेल तर दोघं मिळून शोधा, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येकाने आपला अनुभव आपल्याच ब्लॉगवर लिहायचा, पण खरं नाव देण्याची सक्ती नव्हती. मला ही मुभा फार मोलाची वाटते. वीस-पंचवीस वर्षं वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या माणसाला ‘मला हे येत नाही’ असं चारचौघांत म्हणणं जड जातं. टोपणनावाने त्याला ते निर्धास्तपणे लिहिता येतं. यादी पुरी करणाऱ्या प्रत्येकाला एमपीथ्री प्लेअर बक्षीस होता आणि शिवाय सोडतीत एक लॅपटॉप.

यादीतली दुसरी गोष्ट होती आयुष्यभर शिकत राहणाऱ्या माणसाच्या साडेसात सवयी समजून घेण्याची. त्यातली शेवटची, अर्धी सवय म्हणजे खेळणं. एखाद्या संस्थेने आपल्या नोकरवर्गाला खेळा असं सांगावं आणि त्यासाठी बक्षीसही लावावं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. त्या खेळाचे नियम ब्लोअर्सबाईंनी जगाला मोकळे करून दिले. त्याच वर्षी मेलबर्नजवळच्या यारा प्लेंटी ग्रंथालयाने ते उचलले, पुढे मिनेसोटातल्या ग्रंथालयांनी, आणि २०१०मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांनीही.

यादीतली काही साधनं आज इतिहासजमा झाली आहेत. ब्लॉगलाइन्स गेलं, टेक्नोराटीचा तो जुना ब्लॉग-शोध गेला, दुवे साठवण्याचं डिलिशस पुन्हापुन्हा विकलं जाऊन बंद पडलं. म्हणून तो खटाटोप वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही. अनोळखी पडदा समोर आला की घाबरायचं नाही, दोन बटणं दाबून बघायची, बिघडलं तर मागे यायचं, ही सवय त्या कर्मचाऱ्यांकडे राहिली. साधन बदललं तरी ती कामाला येते.

अशा सवयीतून काय उभं राहतं हे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दाखवलं. जानेवारी २००८मध्ये तिथल्या छायाचित्र विभागाने सुमारे ३,००० जुने फोटो फ्लिकरवर ठेवले. त्यातले बरेचसे बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. काचेच्या निगेटिव्हवर हाताने खरडलेलं एखादं आडनाव, तेही कधी चुकीच्या स्पेलिंगचं, एवढीच पुष्कळ फोटोंची ओळख. लोक त्यावर तुटून पडले. कुणी जुन्या वर्तमानपत्रातली बातमी हुडकून काढली, कुणी मागची इमारत ओळखली, कुणी मोटारीच्या बनावटीवरून साल सांगितलं. वर्षभराच्या आत वाचकांनी ६७ हजारांवर खूणशब्द जोडले. आलेली माहिती विभागातली माणसं पडताळून बघत आणि खरी ठरली तरच मूळ तालिकेत घेत. अशा ५००हून अधिक नोंदी सुधारल्या गेल्या. ज्ञान वाचकांकडेही होतं, ते मागायला कुणीतरी दार उघडायला हवं होतं. आणि आलेलं निवडून-पाखडून घ्यायला कसलेला ग्रंथपालच लागला.

आता आपल्याकडे बघू. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. लहान गावातल्या वाचनालयात बहुतेक वेळा एकच माणूस कुलूप उघडतो, झाडलोट करतो, देवघेव बघतो आणि दाखल नोंदवहीही लिहितो. त्याच्याकडून कुणी २३ गोष्टींची अपेक्षा धरणार नाही. तरीही तिथे हा खेळ कधीच सुरू झाला आहे.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात देवघेव सांभाळणाऱ्या ताई नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की ती टेबलावर चार-चारच्या ओळीत मांडतात. खिडकीचा उजेड मुखपृष्ठावर चमकू नये म्हणून टेबल जरा वळवून घेतात. प्रत्येक पुस्तकाखाली दाखल क्रमांकाची चिठ्ठी असते. फोटो निघाला की वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातो, आणि पाच मिनिटांत कुणीतरी लिहितं, ‘ताई, दुसऱ्या ओळीतलं तिसरं माझ्यासाठी बाजूला ठेवा.’ दिवाळी अंकांच्या दिवसांत तर त्या रोज संध्याकाळी अंकांची यादी टाकतात. जे बाहेर गेलेत त्यांच्यापुढे लाल फुली. त्यामुळे गुडघेदुखीने बेजार झालेले काका हवा तो अंक शिल्लक असेल तरच जिना चढतात. शनिवारी त्या मागच्या कपाटातलं एखादं जुनं पुस्तक काढून त्याचा फोटो टाकतात. एकदा अशाच एका प्रवासवर्णनाखाली एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं की त्याचे लेखक आपल्याच शाळेत शिकवायला होते, आणि त्यांच्या आठवणींचा परिच्छेदच्या परिच्छेद टंकून पाठवला. तो मजकूर ताईंनी वहीत उतरवून घेतला आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या माणसांनी केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

पण फोन ताईंचा स्वतःचा, रिचार्जही त्यांच्याच पगारातून. रात्री अकराला ‘उद्या वाचनालय उघडं आहे का?’ असा प्रश्न येतो तो त्यांच्या घरच्या फोनवर. त्यांच्या सेवापुस्तकात या कामाची ओळसुद्धा नाही. शार्लटमध्ये संस्था पुढे होती आणि कर्मचारी मागून आले. आपल्याकडे कर्मचारी पुढे गेलेत आणि संस्थेला त्याचा पत्ताच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अशी माणसं थकली की हा व्यवहार त्यांच्याबरोबरच थांबतो.

शिवाय जे हौसेने सुरू झालं त्यात एक धोका राहून जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. वर्गणीदार बायका-मुलींचे नंबर असे उघड्यावर येणं बरोबर नाही, आणि कोण काय वाचायला मागतंय हेही साऱ्या गावाला कळतं. आजारपणावरचं, घटस्फोटावरचं, कर्जबाजारीपणावरचं पुस्तक कुणी त्या गटात मागेल का? वाचकाचं वाचन हे वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातलं असतं. गटाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपचंच चॅनेल उघडलं तर सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. यादी तिथे टाकायची आणि मागणी ज्याने त्याने खाजगीत कळवायची. ही सोय ताईंना कुणी दाखवलीच नव्हती. शेजारच्या गावातल्या ग्रंथपालाला ती ठाऊक आहे, पण या दोघांची गाठ पडते ती वर्षातून एकदा, तालुका ग्रंथालय संघाच्या सभेत, आणि तिथे सगळा वेळ अनुदानाच्या हप्त्यावरच जातो.

म्हणून प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकडे माझं मागणं आहे. एक साधा फोन आणि त्याचा वर्षाचा रिचार्ज अंदाजपत्रकात धरा, तो वाचनालयाच्या नावावर असू द्या आणि संध्याकाळी कुलूप लागताना टेबलाच्या खणात राहू द्या. आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेतला द्या, ज्यात देवघेव कार्यवाहांनी स्वतः सांभाळावी आणि ताईंनी नवं काहीतरी करून बघावं. तालुक्यातल्या सगळ्या ग्रंथपालांची दर दोन महिन्यांनी बैठक घ्या, तीही भाषणांशिवाय, आपापले फोन शेजाऱ्याच्या हातात देऊन. सुरुवातीला भिंतीवरचे जुने फोटो घ्यायला हरकत नाही. व्याख्यानमाला, पायाभरणी, पहिलं कार्यकारी मंडळ असे फोटो बहुतेक वाचनालयांत आहेत, आणि त्यातली निम्मी माणसं कोण हे आज कुणाला सांगता येत नाही. ते चॅनेलवर टाका, गावाबाहेर गेलेल्यांपर्यंत पोचवा. ज्यांना ती माणसं ओळखू येतील ते सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी हाती घ्यायला हवं.