संमेलन झालं, आता गावातल्या ग्रंथालयाचं बघू

मंडळी, जानेवारी २०२६ मध्ये ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या साताऱ्यात झालं. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण संमेलन चार दिवसांचं असतं, वाचन वर्षभराचं. म्हणून आज थोडं कडू लिहितोय, राग मानू नका.

"आताची पोरं वाचत नाहीत" हे वाक्य कोरेगावात चहाच्या टपरीपासून सत्काराच्या स्टेजपर्यंत सगळीकडं ऐकू येतं. माझा सरळ प्रश्न आहे : पोरांनी वाचायचं कुठं? मोबाईल रात्री अकराला पण चालू असतो. गावातलं ग्रंथालय संध्याकाळी शाळा-क्लास सुटायच्या वेळेला उघडं असतं का, हे एकदा जाऊन बघा.

मला वाचायचं वेड लागलं ते फुकटात. घरी शेती. घेवडा आणि आलं विकून आलेल्या पैशात वह्या-पुस्तकं बसायची, कादंबऱ्या नाही. पण ग्रंथालयातले काका होते. नियमानं एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, पण शनिवारी दोन नेली तर ते कानाडोळा करायचे. कुठलं पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं हे त्यांना बरोबर कळायचं. आज पन्नाशी उलटली तरी पुस्तक हातात नसेल तर मला झोप लागत नाही. ही सगळी त्या एका माणसाची कमाई.

आता त्या माणसाला आपण काय देतो ते बघू.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. २०२२ ला सरकारनं अनुदानात ६० टक्के वाढ केली. ऐकायला मोठी वाटते. पण त्या वाढीनंतर 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. म्हणजे महिन्याला ४ हजार! त्यातच ग्रंथपालाचा पगार, लाईटबिल, पेपर, मासिकं आणि नवीन पुस्तकं. दिवसभर रानात मजुरी केली तर यापेक्षा जास्त मिळतं. मग तो माणूस दुसरीकडं काम धरतो आणि दाराला कुलूप लागतं. त्यात वाचणाऱ्याचा काय दोष?

शेजारी बघा. कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं घरपट्टीवर ग्रंथालय उपकर घेतला जातो. म्हणजे पुस्तकांसाठी हक्काचा पैसा. आपल्या कायद्यात असा उपकरच नाही. गंमत म्हणजे देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ ला झाला तो आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात. आपण मागून येऊन पुढं जायचं सोडा, पुढं असून मागं पडलो.

वारसा कमी आहे का आपल्याकडं? मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली वाईत उभं राहिलं. नाटककार वसंत कानेटकर आपल्याच तालुक्यातल्या रहिमतपूरचे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेल्या भीमराव नावाच्या पोरानं पुढं मुंबईत घर बांधलं, ते आपल्या ग्रंथांना जागा पुरावी म्हणून. आणि महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. तिथं लोकांनी राहत्या घरात कपाटं लावून घेतली, कुणीही यावं, बसून वाचावं. पुस्तक कुलपातून बाहेर काढलं की वाचणारा सापडतो, हे भिलारनं दाखवलं.

काही जण म्हणतील, गावोगाव अभ्यासिका होतायत की. होऊ द्या, हव्याच आहेत. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथं जीव तोडून बसतात. पण अभ्यासिका परीक्षा संपेपर्यंतची. चौथीतल्या पोरीला गोष्टीचं पुस्तक, रिटायर झालेल्या आजोबांना कादंबरी, शेतकऱ्याला आल्यावरच्या कंदकुजीची माहिती, हे तिथं मिळत नाही. अभ्यासिका बांधून ग्रंथालयाची जबाबदारी संपत नाही.

आणखी एक. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. हातात पुस्तक, फोटो, स्टेटस. दुसऱ्या दिवशी कपाट बंद. पुस्तक मळंल, फाटंल म्हणून कुलपात ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगतो : फाटलेलं पुस्तक हा कुणीतरी वाचल्याचा पुरावा आहे. कोरं राहिलेलं पुस्तक हाच खरा तोटा.

नुसतं बोलून काय उपयोग? म्हणून येत्या ग्रामसभेत चार गोष्टी मागूया.

१. ग्रंथालय रोज संध्याकाळी ६ ते ९ उघडं.
२. अनुदानाच्या वर ग्रामपंचायतीकडून ग्रंथपालाला दरमहा ठरावीक मानधन.
३. शाळेतल्या प्रत्येक पोराला फुकट सभासदत्व, आणि पुस्तक घरी न्यायची मुभा.
४. वर्षभरात किती नवीन पुस्तकं घेतली, किती घरी गेली, याचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

यात्रेच्या एका रात्रीच्या कार्यक्रमाला आपण किती वर्गणी काढतो ते सगळ्यांना माहीत आहे. यात्रा बंद करा असं मी म्हणत नाही. त्यातला दहावा हिस्सा पुस्तकांना द्या, एवढंच म्हणतोय.

पुढाऱ्यांना टॅग करत नाही, कारण पहिलं काम आपलं आहे. तुमच्या गावातलं ग्रंथालय किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं, एवढंच खाली गावाच्या नावासकट लिहा. यादी तयार झाली की ती घेऊन जायला मी येतो.