विकत घेतलेली कर्नलकी

टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ आम्ही शाळेत घोकून पाठ केली होती. तोफांच्या तोंडी घोडे घालणाऱ्या त्या शिपायांपुढे मी आजही मान झुकवतो. पण त्यांच्या पुढे दौडणाऱ्या सेनानीचं नाव त्या कवितेत नाही आणि वर्गात कुणी सांगितलंही नाही. जेम्स ब्रुडनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. या माणसाविषयी जितकं वाचलं तितका माझा संताप वाढला.

१८२४ साली, पंचविशी उलटल्यावर, तो घोडदळात शिरला आणि १८३२ साली १५व्या हुसार्सचा प्रमुख होऊन बसला. मधल्या काळात एक लढाई पाहिली नाही. तेव्हा ब्रिटिश सैन्यात हुद्दे राजरोस विकले जात. घोडदळातल्या लेफ्टनंट कर्नलकीचा सरकारी दर ६,१७५ पौंड होता. यानं त्याच्या कितीतरी पट मोजले, असं तेव्हापासून बोललं जातं. खासदारकीचीही तीच कथा. मार्लबरोची जागा नातलगाच्या मुठीत होती, म्हणून १८१८ साली हा पार्लमेंटात. याला निवडून येणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हाताखालच्या कॅप्टन वॉथनवर त्यानं कोर्ट मार्शल लादलं. वॉथन निर्दोष सुटला आणि १८३४ साली यालाच पदावरून काढलं. इथे कारकीर्द संपायला हवी होती. पण वशिला दांडगा! १८३६ साली ११वी लाइट ड्रॅगून्स त्याच्या हवाली झाली. ही पलटण तेव्हा हिंदुस्थानात, कानपूरला होती. तिथे तो जेमतेम काही आठवडे राहिला. वर्षानुवर्षं तिथल्या उन्हात नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांना मात्र तो ‘इंडियन’ म्हणून हिणवायचा. अनुभव हाच त्यांचा गुन्हा.

१८४० साली कॅन्टरबरीच्या मेसमध्ये कॅप्टन रेनॉल्ड्सनं पाहुण्यासाठी मोझेल वाइन मागवली. ती काळ्या बाटलीतून टेबलावर आली. कार्डिगनला वाटलं, बिअरच आली. खानावळीत शोभेल असलं वागणं इथे नको, असा निरोप दुसऱ्या दिवशी गेला आणि बोलाचाली वाढून रेनॉल्ड्सला अटक झाली. एका बाटलीच्या रंगावरून! त्याच वर्षी विम्बल्डनला द्वंद्वात कार्डिगननं कॅप्टन टकेटला गोळी घालून जखमी केलं. पुढच्या वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभागृहात खटला चालला. जखमी माणूस हाच आरोपपत्रातला टकेट, हे सरकारी वकिलांना सिद्ध करता आलं नाही आणि उमरावांनी आपल्यातल्या उमरावाला सोडून दिलं. त्यानंतर ईस्टरच्या रविवारी, ज्या जागेत पलटणीनं नुकतीच प्रार्थना केली होती, तिथेच एका शिपायाला चाबकानं फोडण्यात आलं. माझ्या लेखी कार्डिगनच्या सगळ्या आयुष्याचा निवाडा याच दिवशी झाला.

मग २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातली बालाक्लावाची लढाई, कवितेतला तो हल्ला. लाइट ब्रिगेड आता कार्डिगनच्या हाताखाली होती. सरसेनापती रॅगलनचा मोघम हुकूम घोडदळप्रमुख लूकनमार्फत आला. समोर आणि दोन्ही बाजूंना रशियन तोफा आहेत, हे कार्डिगननं बोलून दाखवलं, आणि तरीही तो सर्वांत पुढे दौडला. हे मी नाकारत नाही. पण तोफांपाशी पोचल्यावर मागे आपल्या माणसांचं काय झालं, हे पाहायला तो थांबला नाही. शिपायांमध्ये घुसून लढणं हे जनरलचं काम नव्हे, हा त्याचा खुलासा. ६७० च्या आसपास स्वार हल्ल्यात उतरले होते. शंभराहून अधिक मेले, त्याहून जास्त जखमी झाले, शेकडो घोडे गेले.

बंदरात त्याची खासगी नौका उभी होती, ‘ड्रायड’. त्याची माणसं क्रिमियाच्या मातीवर झोपत, तो नौकेवर. त्या रात्री तो तिथे परतला, न्हाला, शॅम्पेनसोबत जेवला आणि झोपला.