नायट्याला स्टेरॉइडची ट्यूब नको

ऊसतोडीहून कडा गावी परतलेल्या कित्येक बायाबापड्या आधी औषधाच्या दुकानात जातात, हे मी आरोग्यसेविका म्हणून पाहते. कमरेला, जांघेत नायटा पसरलेला असतो आणि ट्यूबचं नाव पाठ असतं. फडातला घाम, अंगावरच भिजून वाळणारे कपडे, आंघोळीला चार तांबे पाणी. नायट्याच्या बुरशीला याहून काय हवं?

त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. ते खाज थांबवतं, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबून टाकतं. वरून आराम, आत बुरशी मोकाट. पुढं कातडी पातळ होते, ताणल्यासारखे व्रण उठतात, ते जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. याची मला चीड येते.

त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. म्हणून बुरशीचं औषध खाज गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही डॉक्टरांकडे न्या. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे कडक उन्हात वाळवा. आणि कारखान्यांनो, मुकादमांनो, फडावर धुण्या-आंघोळीला पुरेसं पाणी द्या.