शेवटच्या हाताचे श्रेय

सौंसर तालुक्यातल्या जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला जे येतात, ते सगळेच नुसता नवस फेडायला येत नाहीत. कुणाला 'बाहेरचं' आहे, कुणाला लागीर झाले आहे, कुणाच्या अंगात वेळीअवेळी येते. अशांना घेऊन घरची माणसे तिथे मुक्काम करतात आणि मूर्तीच्या नाभीतून येणाऱ्या जलावर त्यांची आशा असते. मोहगावपासून पांढुर्ण्यापर्यंत कोणत्याही ओट्यावर बसा, 'तिथे नेलं अन् बरं झालं' असा एखादा अनुभव ऐकायला मिळतोच. त्यातल्या काही अनुभवांचे खरे नाव मिरगी, म्हणजे अपस्मार, असे आहे आणि यंदाच्या अंकाच्या दारातच ते सांगून टाकावे असे आम्हाला वाटले. हनुमंताशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते दोन-तीन मिनिटांच्या एका हिशेबाशी.

मेंदूच्या पेशींमधून अतिशय क्षीण वीज सतत वाहत असते. तिचा ताल बिघडून एकाएकी लोंढा उसळला की फिट येते, आणि बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत तो लोंढा आपला आपणच ओसरतो. पण तेवढ्या वेळात भोवतीची माणसे स्वस्थ बसत नाहीत. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाशी धरतो, कुणी मुठीत किल्ली कोंबतो, शेवटी भगत अंगारा लावतो. शेवटचा हात लागतो तेव्हा फिट थांबायचीच असते, आणि श्रेय त्या हाताला जाते. हाच हिशेब महिन्यांच्या मापानेही चालतो. फिट ठरल्या दिवशी येत नाहीत. कधी आठवड्यात चार, मग सहा महिने एकही नाही. माणूस देवाला नेला जातो तो चार येऊन गेल्यावर, म्हणजे ओहोटी लागायच्या वेळीच. नंतरच्या शांत महिन्यांचे पुण्य त्या यात्रेच्या नावावर जमा होते, आणि सातव्या महिन्यात पुन्हा फिट आली तर 'पाळणूक चुकली' म्हणून दोष मात्र रुग्णाच्या माथी बसतो. अनुभव खोटा नसतो; बेरीज चुकलेली असते.

हातपाय झाडणारी, तोंडाला फेस आणणारी फिट निदान ओळखू तरी येते. फसवणारी फिट वेगळीच असते. कानशिलामागच्या मेंदूच्या भागातून ती उठते तेव्हा पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, नसलेला वास येतो, विनाकारण भीती दाटते, कधी हे सगळे पूर्वी घडून गेले आहे असा भास होतो. मग नजर खिळते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हात पदराशी चाळा करतात, बोलावले तर उत्तर नाही. मिनिटभराने माणूस भानावर येतो आणि मधले त्याला आठवत नाही. हिला झटका म्हणायचे आपल्याला सुचतच नाही. 'तिला काहीतरी दिसतं' असे आपण म्हणतो. त्यात नवरात्र येते. उपास, रात्रीची जागरणे, धांदलीत चुकलेली गोळी. अपुरी झोप आणि सुटलेले औषध ही फिट येण्याची दोन ठळक निमित्ते, नेमकी देवीच्या दिवसांत एकत्र येतात. काही बायकांना पाळीच्या आसपास फिट जास्त येतात. त्याचा अर्थ लावायला विटाळ तयारच असतो. पंचांग आणि मेंदू असे एकमेकांची साक्ष काढू लागले की घरच्यांनी वेगळा निष्कर्ष काढावा तरी कसा?

रुग्णाला स्वतःला फिटमध्ये देव भेटतो, असे मात्र क्वचितच होते. कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीला झटक्याआधी लाभणाऱ्या आनंदाचे वर्णन जगभर गाजले, पण जपानमध्ये 234 रुग्णांची पाहणी करून 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिटशी जोडलेला धार्मिक अनुभव अवघ्या तिघांना आला होता. म्हणजे देव बहुधा मेंदूतून येत नाही, अंगणातून येतो. अर्थ लावणारे आपण असतो. आणि तो अर्थ लावण्यामागे केवळ अज्ञान असते असेही नाही. मुलीला मिरगी आहे म्हटले की सोयरीक मोडते. देवी येते म्हटले की तिच्या पाया पडतात. यातला कोणता शब्द आईबाप निवडतील, हे विचारायला नको. कायद्याने 1999 साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढला, आणि हा आजार घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 साली सांगितले. सोयरिकीची बैठक अजून तिथवर आलेली नाही.

मग अंगात येणे म्हणजे सगळी मिरगीच का, असे कुणी विचारील. नाही, आणि तसे म्हणणे ही उलट दिशेची तेवढीच मोठी चूक ठरेल. फलटणच्या महानुभाव मंदिरात व्हिएडा स्कल्टन्स या अभ्यासिकेने केलेले काम 1987 साली प्रसिद्ध झाले. घरातल्या आजारी माणसासाठी तिथे बायका, बहुधा आया, स्वतःच्या अंगात येऊ देत होत्या. त्याचे दुखणे जणू आपल्यावर ओढून घेत होत्या. त्या येण्याला वेळ होती, जागा होती, पाहणारे होते, बोलणे होते. फिटला यातले काही लागत नाही. ती झोपेत येते, चुलीपाशी येते, विहिरीच्या काठावर येते, आणि दर वेळी जवळपास त्याच साच्यात येते. जीभ चावली जाते, कपडे ओले होतात, नंतर गाढ झोप लागते. काही झटके मनावरच्या ताणातून उद्भवलेले, फिटसारखे दिसणारे पण फिट नसलेलेही असतात. त्यांना मिरगीच्या गोळीचा उपयोग नाही, पण उपचार त्यांनाही हवाच. हे वेगळे करायला जाणता डॉक्टर लागतो, भगत किंवा भुमका नव्हे. आणि वर्तमानपत्री विवेकवादीही नव्हे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. उद्या संतांनाही रोगी ठरवाल काय? नाही ठरवणार, शतकांपलीकडच्या माणसाचे निदान हा पोरखेळ आहे. पण जे लोक परंपरेची आण घालतात त्यांनी परंपरा तरी नीट पाहावी. चरकसंहितेत उन्मादाचा पाचवा, बाहेरून आलेला 'आगंतू' प्रकार मानला आहे. अपस्माराचे प्रकार मात्र चारच, आणि चारही वात, पित्त, कफ व त्यांच्या संनिपाताचे. ग्रीसमध्येही हिपोक्रेटसच्या परंपरेतल्या एका ग्रंथाने, लोक ज्याला पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांपेक्षा अधिक पवित्र नाही, असे दोन हजार वर्षांपूर्वीच बजावले होते.

तिसरा आक्षेप आम्हाला सगळ्यात जड वाटतो. देवळात कुणी हाकलत नाही, रांगेत झापत नाही, कागद मागत नाही. दवाखान्यात हे सगळे होते. खरे आहे. म्हणूनच देऊळ सोडा असे सांगणारा उपदेश आजवर वाया गेला. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' शेजारी ठेवून पाहिली गेली: मुजावर दुवा देतो आणि तिथेच बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतो. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा नुसत्या दुव्याची किंमत देशाला कळली होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत फिटशिवाय जगू शकतात. फिनोबार्बिटोनसारखे औषध 1912 पासून वापरात आहे आणि नवसाच्या कोंबड्यापेक्षा महाग नाही. जामसावळीला 'हनुमान लोक' हे मंदिर-संकुल उभारण्याचे 2023 साली ठरले. त्यात भव्य दारे होतीलच. आठवड्यातून एक दिवस बसणाऱ्या डॉक्टरसाठी एक खोलीही व्हावी, आणि पुजाऱ्यांनीच तिकडे बोट दाखवावे, एवढी मागणी पांढुर्णा जिल्ह्यातल्या वाचकांनी लावून धरावी.

तोवर एक करा. पुढच्या वेळी कुणी असे पडले तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेले तर गाडी काढा. अंगात आल्याचे चित्रण मोबाइलवर आपण करतोच. ते गावभर पाठवू नका, डॉक्टरला दाखवा.