खाऱ्या भूमीतला जलाभिषेक

श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्याच्या श्रीराजराजेश्वराला पूर्णामाईच्या पाण्याने अभिषेक होतो. गांधीग्रामला नदीच्या पात्रात घागरी भरून घ्यावयाच्या, सुमारे १८ किलोमीटरांची वाट पायी तुडवावयाची आणि जुन्या शहरातील देवळात खांद्यावरची कावड उतरवावयाची, असा हा नेम आहे. बांबूला टांगलेल्या दोन घागरींच्या साध्या कावडीपासून शेकडो घागरींच्या भरण्यापर्यंत सारे प्रकार त्या मिरवणुकीत पाहावयास मिळतात. १९४४ साली पावसाने डोळे वटारले, तेव्हा काही भक्तांनी पूर्णेचे पाणी आणून देवाला घातले आणि तेथून ही प्रथा पडली, असे अकोल्याची वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत.

परगावच्या माणसाला हा सोहळा पाहून भक्तीचे कौतुक वाटते. पण पाण्याचेच एवढे अप्रूप का, हे त्याला चटकन उमगत नाही. ते उमगण्यासाठी पूर्णेच्या खोऱ्यात चार दिवस राहिले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर-भातकुलीपासून अकोला जिल्हा ओलांडून थेट बुलढाण्यापर्यंत पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल, सोन्यासारखी. नुसत्या ओलीवर हरभरा आणि बन्सी गहू देणारी. परंतु त्याच जमिनीत विहीर खणली की लागते ते खारे पाणी. ना ते पिकाला मानवत, ना माणसाला. सुमारे ९०० गावे या पट्ट्यात मोडतात. उत्तरेकडे पाहावे तर गाविलगडचे डोंगर निळेसावळे दिसत असतात; तेथे मेळघाटात पाऊस धो धो कोसळतो, गोड्या पाण्याचे झरे खळाळतात. आणि त्यांच्या पायथ्याच्या सपाटीवर मात्र घोटभर गोड्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वणवण!

आमचे आजोळ दर्यापूर तालुक्यातले. आजीच्या स्वयंपाकघरात दोन रांजण असत. एक मोठा, विहिरीच्या पाण्याचा. दुसरा लहान, फडके बांधून कोपऱ्यात जपून ठेवलेला. त्या लहान रांजणातले पाणी बैलगाडीवर पिंप लादून दुरून आणलेले असे. त्याला घरात ‘डाळीचे पाणी’ म्हणत, कारण विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नसे. देवाची पूजा, तान्ह्या मुलाचे दूध, आजाऱ्याची पेज आणि डाळ, एवढ्यासाठीच ते फडके सुटे. पाहुणा आला तर त्याला त्यातलाच तांब्या. आम्ही मुले हट्ट करू लागलो की आजी म्हणे, “देवाले अन् पाव्हण्याले गोड पानी, लेका. आपल्याले हेच.” सुटी संपून परत निघण्याच्या दिवशी मात्र ती आम्हांला पाहुण्यांत धरी आणि पितळी फुलपात्र भरून हाती देई. ते पाणी आम्ही एका दमात कधीच प्यालो नाही. जिभेवर घोळवून, डोळे मिटून प्यालो.

पुढे शिक्षणासाठी अमरावतीस आलो, तेव्हा सोबतची मुले नळाला तोंड लावून पाणी पीत, निम्मे सांडीत, आणि पाण्याला चव असते असे आम्ही म्हटले की हसत. त्यांचा दोष नव्हता. ज्याने खारे चाखलेच नाही, त्याला गोडे ओळखावे कशाच्या आधारे?

आमच्या धर्माने ही गोष्ट फार पूर्वी हेरली आहे, असे आम्हांस वाटते. देवदैत्यांनी सागराचे मंथन केले. त्यातून आधी हलाहल निघाले आणि अमृत शेवटी. ते विष ज्याने कंठात धरले, त्याच्याच मस्तकावर आपण श्रावणात थंड पाण्याची धार धरतो. आपली व्रते पाहा. सोमवारी दिवसभर पोट रिते ठेवावे आणि सायंकाळी उपवास सोडावा; त्या वेळची भाजी-भाकरी पंचपक्वान्नांना मागे सारते. (अलीकडे साबुदाण्याची खिचडी, वडे, शेंगदाण्याचे लाडू यांनी उपवासाच्या दिवशी पोट रोजच्याहून जड होते, ही गोष्ट निराळी!) कावडीची वाटही अशीच. एरवी मोटारीने अर्ध्या तासात येणारे पाणी खांद्यावर आणण्याचे प्रयोजन दुसरे कोणते असणार? खांदा ठणकतो, तळव्याला खडे टोचतात, आणि म्हणूनच देवळाच्या पायरीवर ओंजळीत पडलेल्या तीर्थाला चव येते. कोणी म्हणेल, गीता तर सुखदुःखे समान मानावयास सांगते. खरे आहे. परंतु दोन्ही भोगून जो सम राहिला त्याचे ते समत्व. एकच बाजू पाहिलेल्याची ती नुसती अनभिज्ञता होय.

मात्र येथे एक धोका आहे आणि तो सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. दुःखामुळे सुखाची गोडी कळते, हे वचन स्वतःपुरते मोठे मोलाचे. पण तेच दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून म्हटले की क्रूर होते. खारपाणपट्ट्यातील माणूस खारे पाणी पितो ते व्रत म्हणून नव्हे. त्याला दुसरे पाणी नाही म्हणून पितो. या भागात मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. अशा गावी मुलगी देताना बाप दहा वेळा विचार करतो. त्या घरातील सुनेला “बघ, तुला गोड्या पाण्याची किती किंमत कळली” असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. गाडगेबाबा याच मातीतले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामांकडे वाढले. पूर्णाकाठी ऋणमोचनच्या यात्रेत लोक चिखलात घसरत, म्हणून त्यांनी तेथे घाटासाठी खटपट केली. कष्टाने पुण्य वाढते, तर घसरू द्यावे, असे काही ते म्हणाले नाहीत. भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी, ही त्यांच्या शिकवणुकीची पहिली अक्षरे होत. स्वतः मात्र अंगावर चिंध्या आणि हाती गाडगे, एवढ्यावर ते जन्मभर राहिले. उणे स्वतःकडे घ्यावे आणि भरलेले दुसऱ्यास द्यावे, हा त्यांचा हिशेब. आजीचाही तोच होता.

आज चित्र काही अंशी पालटले आहे. वान धरणाच्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेने अकोट-तेल्हारा भागात नळाने गोडे पाणी नेले. इतरही योजना झाल्या. त्याच वेळी वानच्या पाण्यात कोणाचा वाटा किती, यावरून भांडणेही झाली. ज्यांच्या दारी पाणी आले त्यांना खारे विसरावयास फार वर्षे लागली नाहीत. शहरात आम्ही टाकी वाहून जाईपर्यंत पंप बंद करीत नाही, आणि पाणी दोन दिवस उशिरा आले की सरकारला शिव्या मोजतो.

आमच्या घरी काही वर्षांपासून एक रीत सुरू आहे. शेवटच्या सोमवारी आजोळचे कोणी कावड पाहण्यास अकोल्यास आले की त्याने येताना विहिरीचे तांब्याभर पाणी आणावयाचे. पूजेपूर्वी घरातील प्रत्येकाने त्यातले पळीभर जिभेवर घ्यावयाचे, आणि देवळातून आले की मग तीर्थ. मुले तोंडे वेडीवाकडी करतात, थुंकावयास धावतात. गेल्या खेपेस धाकट्या नातीने विचारले, “आजोबा, तिथली मुलं हेच पितात?” काही घरी नळ आला आहे, काही घरी अजून हेच आहे, असे आम्ही तिला सांगितले. तिने पळी पुन्हा पुढे केली आणि या वेळी ती थुंकली नाही. बाहेर रस्त्यावर ढोल वाजू लागले होते. पहिली पालखी वळणावर आली होती.